वडील सोबत नसताना मुलाचं आडनाव बदलायचं असेल तर : बडोद्यातल्या घरांसाठी

माझ्या भाचीचं आडनाव बदलायला १४ महिने लागले. त्यातले पहिले ४ चुकीच्या रस्त्याने गेले, पुढचे ८ कोर्टाच्या एका कागदाची वाट बघण्यात गेले. गॅझेट (नावबदल सरकारी राजपत्रात छापून घेणं), शाळा, आधार या ज्या कामांची आम्हाला खरी धास्ती होती, ती उरलेल्या २ महिन्यांत उरकली. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही ती सातवीत असतानाच सुरुवात केली असती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बडोद्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात मी २२ वर्षं काम केलं. मुलांच्या नावांचं जनरल रजिस्टर, ज्याला आम्ही जीआर म्हणतो, ते माझ्या हातचं. त्यामुळे शाळेकडची बाजू मला पाठ होती. कोर्टाकडची बाजू मात्र बहिणीबरोबर चकरा मारतानाच कळली.

बहीण सांगलीला दिली होती. मुलगी ४ वर्षांची असताना नवरा ‘मुंबईला कामाचं बघतो’ म्हणून निघाला. दोनेक वर्षं वेगवेगळ्या नंबरांवरून फोन यायचे, मग तेही थांबले. बहीण मुलीला घेऊन दांडिया बाजारातल्या घरी परत आली ती कायमची. घटस्फोट झालेला नव्हता. माणूस जिवंत आहे की नाही तेही माहीत नव्हतं. एका एजंटने सांगितलं, सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) करा, पेपरात जाहिरात द्या, काम होऊन जाईल. आम्ही ते केलं आणि गॅझेटचा अर्ज परत आला. त्यावर एवढंच लिहिलं होतं की वडिलांची संमती जोडा किंवा कोर्टाचा हुकूम जोडा.

सगळ्या प्रकरणाची गोम इथे आहे. ‘वडील नाहीत’ हे तोंडी सांगून कुठल्याही टेबलावर भागत नाही, त्याचा कागद लागतो. तो हातात आला की पुढची दारं एकामागून एक उघडतात. तो नसताना केलेला प्रत्येक खर्च बहुधा वाया जातो.

आधी मुलीशी बोला, मग नाव अक्षरनिशी ठरवा

१३-१४ वर्षांच्या मुलाला न विचारता हे काम काढू नका. पुढे न्यायाधीश त्याला विचारण्याची शक्यता आहे, हे एक कारण आहेच. पण नाव त्याचं आहे आणि वर्गात ते ऐकायचं आहे त्याला, हे त्याहून मोठं कारण. आईचा राग मोठा असतो आणि तो रास्तही असतो, तरी मुलाच्या मनात वडिलांसाठी एखादा कोपरा राखलेला असू शकतो. माझी भाची स्वतःहून मागे लागली होती. शेजारच्या घरातला मुलगा मात्र ‘बारावीनंतर बघू’ म्हणाला, आणि त्याच्या आईने ते ऐकलं. मला ते बरोबर वाटलं.

नाव ठरवताना आपल्याकडे एक खास पेच येतो. आपलं नाव तिहेरी असतं : स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. गुजराती घरांतही तसंच, फक्त फॉर्मवर बहुतेक वेळा आडनाव आधी येतं आणि त्याला ‘अटक’ म्हणतात. (नव्याने महाराष्ट्रातून आलेली माणसं हा शब्द वाचून दचकतात.) तेव्हा फक्त आडनाव बदलायचं, की मधलं वडिलांचं नावही काढून तिथे आईचं घालायचं, याचा निर्णय पहिल्याच दिवशी करा. आज आडनाव आणि दोन वर्षांनी मधलं नाव, असं केलंत तर दोन गॅझेटं होतील. शिवाय आधारमध्ये नाव बदलण्याची मुभा आयुष्यात दोनदाच आहे, ती तिथेच संपेल.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक सांगतील की आता आईचं नाव लावावंच लागतं. तो नियम महाराष्ट्र सरकारचा आहे आणि १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी आहे. बडोद्यातल्या तुमच्या आठवीतल्या मुलाला तो लागू नाही.

स्पेलिंगही आत्ताच ठरवा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘जाधव’मधला ‘एच’ गळला की गुजरातीत त्याचं ‘जादव’ होतं, आणि ते इथलं वेगळं आडनाव आहे. शिर्के, घोरपडे, मोहिते अशा आडनावांचे गुजराती लिपीत गेल्यावर दोन-दोन अवतार होतात. एका कोऱ्या कागदावर नवं पूर्ण नाव इंग्रजी, गुजराती आणि मराठीत लिहा आणि प्रत्येक ठिकाणी त्यावरूनच उतरवा. आम्ही तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाइलच्या अगदी वर ठेवला होता.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात. मुलाला आईचं माहेरचं आडनाव द्यायचं असेल तर आईच्या स्वतःच्या कागदांवर ते आहे का? माझ्या बहिणीच्या आधारवर सासरचंच आडनाव होतं. ‘आईचं आडनाव द्यायचंय म्हणता, पण आईचं तर हेच दिसतंय,’ असं ऐकून घ्यावं लागलं. आई सज्ञान आहे, तिला कुणाची संमती लागत नाही. तिचं गॅझेट आणि आधार आधी करून घ्या. कोर्टाचं काम चालू असतानाच हे उरकता येतं.

वडील ‘नाहीत’ म्हणजे नेमके कसे नाहीत?

प्रत्येकाचा रस्ता यावर ठरतो.

वडील वारले असतील तर सगळ्यांत सरळ. मृत्यूचा दाखला हाच तुमचा कागद. हिंदू कुटुंबात वडिलांच्या पश्चात आई नैसर्गिक पालक असते आणि मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार तिचा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२२ च्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे. त्या प्रकरणात आईने दुसरं लग्न केलं होतं आणि मुलाला नव्या घराचं आडनाव दिलं होतं. नवऱ्याचं नाव कागदांवर ‘सावत्र वडील’ म्हणून लिहा, असं उच्च न्यायालयाने सांगितलं होतं. मुलाच्या मनावर आणि आत्मसन्मानावर त्याचा काय परिणाम होईल याचा विचार न केलेला तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. दुसऱ्या लग्नानंतर मुलाला नव्या घराचं आडनाव देऊ पाहणाऱ्या विधवा आईने या निकालाची प्रत जवळ ठेवावी.

घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रत काढा आणि मुलाबद्दलचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. इथे पुष्कळ जणी फसतात. ‘ताबा आईकडे’ असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं झालं. पण ताबा आणि पालकत्व या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल आईकडे राहत असलं तरी घटस्फोटाने वडिलांचं पालकत्व आपोआप संपत नाही, म्हणून टेबलापलीकडचा माणूस त्यांची संमती मागतो. ज्यांचा परस्पर संमतीचा घटस्फोट अजून व्हायचा आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : समझोत्याच्या अटींत एक ओळ घालून घ्या की मुलाचं नाव आणि आडनाव बदलण्याचा अधिकार आईला राहील आणि वडिलांची त्याला हरकत नाही. त्या दिवशी सही मिळते. पाच वर्षांनी त्याच सहीसाठी माणूस शोधत फिरावं लागतं. हुकूमनामा जुना असेल आणि ही ओळ राहून गेली असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच कोर्टात पुन्हा अर्ज करता येतो का, ते वकिलांना विचारा. नवा दावा लावण्यापेक्षा ते सोपं पडू शकतं.

लग्नच झालेलं नसेल तर एबीसी विरुद्ध दिल्ली राज्य हा ६ जुलै २०१५ चा निकाल वकिलांना सांगा. अविवाहित आईला पालक म्हणून नेमताना वडिलांचं नाव उघड करण्याची किंवा त्यांना नोटीस देण्याची सक्ती करता येणार नाही, असं त्यात ठरलं आहे.

वडील परदेशात असतील पण बोलणं होत असेल, तर त्यांचा सोगंदनामा तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवा. संपर्कात असलेल्या माणसाला बेपत्ता दाखवू नका, प्रकरण उलटं फिरतं.

राहिले ते माझ्या बहिणीसारखे : सोडून गेलेला, पत्ता नसलेला माणूस. त्यांच्यासाठी कायदा वाटतो तितका कोरडा नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या (अज्ञान म्हणजे इथे १८ वर्षांखालचं मूल) कलम ६ मध्ये आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, असा क्रम आहे. गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या ‘त्यांच्यानंतर’चा अर्थ ‘त्यांच्या मृत्यूनंतर’ एवढाच न धरता ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ असा लावला. वडील मुलाकडे पूर्ण पाठ फिरवून बसले असतील तरी ती अनुपस्थितीच. म्हणजे तत्त्वाने माझी बहीण आधीपासूनच पालक होती. पण खिडकीमागचा कारकून हे ठरवू शकत नाही. मीही त्या खुर्चीवर बसले आहे, कागदाशिवाय मीही ठरवलं नसतं. म्हणून १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टखाली पालकत्वाचा हुकूम आणायचा. हा कायदा सर्व धर्मांना चालतो, तेव्हा मुस्लिम किंवा ख्रिस्ती घरांनाही हीच वाट आहे.

सात वर्षांच्या नियमाबद्दल बोलायलाच हवं, कारण गल्लीतला प्रत्येक जण तो सांगतो. सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं धरता येतं, हा नियम खरा आहे. पूर्वी तो पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होता, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. पण सात वर्षं मोजायची ती शेवटची खबर आली तेव्हापासून, घर सोडलं तेव्हापासून नव्हे. आमच्याकडे दोन वर्षं फोन येत होते, ती दोन वर्षं वजा झाली. शिवाय मृत्यू धरायचा तर वेगळा दिवाणी दावा लावायचा, आणि उद्या माणूस परत उभा राहिला तर? आडनावासाठी त्याला मेलेला ठरवण्याची गरजच नाही, पालकत्वाचा हुकूम पुरतो. वकीलबाईंनी हे सांगितलं तेव्हा बहिणीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. ‘त्याला मारल्याशिवाय होतं ना? मग तसंच करू,’ ती म्हणाली.

कोर्टाचं काम

मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात हा अर्ज होतो. लग्न सांगलीत झालं, सासर सांगलीत, म्हणून सांगलीला जायची गरज नाही. मुलगी बडोद्यात राहते, बडोद्यात शिकते, तेव्हा बडोद्याचं फॅमिली कोर्ट. ती इथे राहते हे दाखवायला शाळेचं बोनाफाईड आणि घराचं लाइट बिल किंवा टॅक्सची पावती लावा.

वकिलाची फी परवडत नसेल तर संकोच करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालय आता सूरसागरकाठच्या न्यायमंदिरात नाही, दिवाळीपुऱ्यात आहे. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो. १५१०० या हेल्पलाइनवर फोन करूनही विचारता येतं.

अर्जात शेवटी मागणी लिहितात ती नीट पाहा. नुसतं ‘आईला पालक नेमावं’ असं लिहून सोडू नका. ‘अज्ञान मुलीचं आडनाव अमुकचं तमुक करण्यास आणि सर्व शासकीय व शालेय नोंदींत तसा बदल करून घेण्यास परवानगी द्यावी’ हे वेगळ्या कलमात मागा, आणि त्यात नवं नाव त्या कोऱ्या कागदावरच्या स्पेलिंगसह घाला. आमच्या वकीलबाईंनी हा आग्रह धरला. पुढे प्रत्येक टेबलावर बोट ठेवलं गेलं ते नेमकं त्या ओळीवर.

वेळ जातो तो नोटिशीत. वडिलांना कळवण्याचा खरा प्रयत्न झाला, याची कोर्टाला खात्री हवी असते. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर रजिस्टर्ड नोटीस जाते. आमचं पाकीट सांगलीहून परत आलं, त्यावर पोस्टमनने निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘सदर इसम या पत्त्यावर राहत नाही.’ त्याखाली सही आणि तारखेचा शिक्का. असं पाकीट तुमच्या हाती आलं तर फोडू नका, घडी घालू नका, आहे तसं वकिलांकडे द्या. पाकिटावरचा तो शेरा हाच पुरावा आहे. त्यानंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ५, नियम २० प्रमाणे पेपरात जाहीर नोटीस देण्याची परवानगी मागतात. माणूस शेवटी जिथे राहत होता तिथे खपणाऱ्या पेपरात ती द्या. आम्ही सांगलीच्या मराठी दैनिकात दिली. बडोद्यातल्या गुजराती पेपरातली नोटीस त्याला कशी दिसणार?

जुनी पत्रं, पोलिसांत दिलेली हरवल्याची तक्रार, फोन कधी बंद झाले त्याच्या तारखा, शाळेची फी आईनेच भरल्याच्या पावत्या, हे सगळं आधीच गोळा करून ठेवा. मराठीतले कागद असतील तर गुजराती किंवा इंग्रजी भाषांतर लागेल. आम्ही ते ऐनवेळी केलं आणि एक तारीख वाया गेली. दीर किंवा सासू साक्ष द्यायला तयार असतील तर फारच चांगलं. बहिणीच्या सासूबाईंनी ‘माझ्या मुलाचा मलाही ठावठिकाणा नाही’ असा सोगंदनामा पाठवला. त्या माउलीचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा कोर्ट विचारात घेऊ शकतं, ही तरतूद त्याच १८९० च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. मुलीला उत्तरं पाठ करून नेऊ नका. न्यायाधीशांनी भाचीला चेंबरमध्ये बोलावून गुजरातीत शांतपणे विचारलं की तुला का बदलायचं आहे. बाहेर आल्यावर तिने मला सांगितलं, ‘मावशी, मी म्हटलं, हजेरीत ते आडनाव घेतलं की मला वाटतं दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारली.’ आम्ही कुणीच हे तिला शिकवलेलं नव्हतं.

हुकूम झाला की सही-शिक्क्याच्या ४ नकला एकदम काढा. पुन्हा पुन्हा नकलेसाठी अर्ज करत बसायला नको.

गॅझेट

हा भाग सोपा आहे. आईचा सोगंदनामा नोटरीसमोर करायचा. त्यात मुलीचं जुनं नाव, नवं नाव, जन्मतारीख, पत्ता, कारण आणि कोर्टाच्या हुकुमाचा क्रमांक व तारीख घालायची. मग शहरात खपणाऱ्या एका गुजराती आणि एका इंग्रजी पेपरात छोटी जाहिरात द्यायची. जाहिरातीचं नुसतं कात्रण ठेवू नका, पेपराचं नाव आणि तारीख दिसेल असं अख्खं पान ठेवा.

त्यानंतर गुजरात सरकारच्या गॅझेटसाठी अर्ज. बडोद्यातला सरकारी छापखाना कोठीजवळ आनंदपुऱ्यात आहे. अज्ञान मुलासाठी अर्ज पालक करतो, आणि पालक म्हणून आई एकटीच सही करते आहे हे कशाच्या आधारावर, ते दाखवायला कोर्टाचा हुकूम, हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला जोडायचा. आमचा पहिला अर्ज इथेच अडला होता, दुसरा अडला नाही. कागद दोन राज्यांत विखुरलेले असतील, म्हणजे जन्म सोलापूरचा आणि शाळा बडोद्याची, तर दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समधल्या प्रकाशन विभागातून भारत सरकारच्या राजपत्रात छापून घ्यावं, असं माझं मत आहे. ते देशभर कुणी नाकारत नाही.

छापून आलेली नोंद अक्षर न् अक्षर तपासा. एक मात्रा चुकली तर त्याच आठवड्यात दुरुस्ती मागा.

शाळा, आणि नववीचं वर्ष

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथे होताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आठवीपर्यंत नाव शाळेच्या जीआरमध्ये आणि सरकारच्या चाइल्ड ट्रॅकिंगच्या नोंदीत असतं. दहावीला ते बोर्डाकडे जातं. दहावीची मार्कशीट छापली की पुढे आयुष्यभर नावाचा आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणून तीच बघितली जाते. तेव्हा आडनाव बोर्डाकडे पोचण्याआधी बदललेलं असलं पाहिजे. सीबीएसईची शाळा असेल तर नववीतच बोर्डाची नोंदणी होते. गुजरात बोर्डात दहावीचं आवेदनपत्र शाळा साधारण दिवाळीच्या पुढेमागे भरते. मागे मोजत गेलात तर कोर्टाचा अर्ज सातवीत, फार तर आठवीच्या सुरुवातीला लागायला हवा.

शाळेत अर्ज द्यायचा तो मुख्याध्यापकांच्या नावे, सोबत हुकूम आणि गॅझेटची प्रत. माध्यमिक शाळेत जीआरमधलं नाव मुख्याध्यापक आपल्या अधिकारात बदलत नाहीत, प्रस्ताव जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि मंजुरी आली की नोंद होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑफिस उघडं असतं, गर्दी नसते. मी असते तर मे महिन्यातच अर्ज दिला असता.

नोंद कशी होते ते सांगते, म्हणजे तुम्हाला तपासता येईल. जीआरमधलं जुनं नाव खोडरबराने पुसत नाहीत, त्यावर पांढरी शाई लावत नाहीत. जुन्या आडनावावर लाल शाईची एकच सरळ रेघ, ते वाचता येईल अशी. वर नवं आडनाव. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात मंजुरीचा क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही. ही नोंद झाल्यावर तिची साक्षांकित नक्कल मागून घ्या. नोंद जीआरमध्ये झाली पण ऑनलाइन राहिली, असं फार वेळा होतं. मग दहावीच्या फॉर्मवर जुनंच आडनाव छापून येतं आणि घाईत आई सही करून देते. फॉर्म बोर्डाला पाठवण्याआधी शाळा त्याची छापील प्रत पालकाला दाखवते. ती प्रत घरी नेऊन मुलीलाच वाचायला द्या.

मार्कशीट छापून झाली असेल तरी सगळं संपलं असं नाही. सीबीएसईच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ ला सांगितलं की निकालानंतर नाव बदलायचा रस्ता बोर्डाने सरसकट बंद ठेवू नये. कोर्टाची परवानगी आणि गॅझेट असेल तर बदल करता येतो. पण त्याला वेळ, पैसा आणि हेलपाटे कितीतरी जास्त लागतात.

मुलगा १७ वर्षांचा असेल, दहावी जुन्या नावाने झालेली असेल, तर मी १८ पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगेन. सज्ञान झाल्यावर तो स्वतःच्या सहीने सोगंदनामा आणि गॅझेट करतो, वडिलांच्या संमतीचा प्रश्नच उरत नाही.

आधार आणि बाकीचे

आधार केंद्रावर गॅझेट आणि जुन्या नावाचा फोटो असलेला ओळखीचा कागद दोन्ही न्या. वयाच्या १५ व्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावीच लागते, मुलगी त्या वयाच्या जवळ असेल तर दोन्ही कामं एका फेरीत होतात. आधारवर नवं नाव आल्याशिवाय शाळेचा अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) जुळत नाही, म्हणून शाळेनंतर लगेच आधार. बँकेचं खातं आणि पॅन त्यानंतर. पासपोर्टसाठी एका पालकाच्या संमतीविना अर्ज करताना अनुबंध ‘सी’ नावाचं घोषणापत्र असतं. कोर्टाचा हुकूम असला की तेही सुरळीत जातं.

जन्मदाखल्याचं काय?

जन्म जिथे झाला तिथल्या नोंदणी ऑफिसातच हे काम होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळे सासर महाराष्ट्रात असूनही कितीतरी मुलांचे दाखले बडोदा महानगरपालिकेचेच असतात. भाचीचाही तसाच. ज्यांचा जन्म सांगलीत किंवा नाशकात झाला त्यांना तिथे जावं लागेल.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १५ हे चुकीची नोंद सुधारण्यासाठी आहे. जन्माच्या वेळी लिहिलेलं आडनाव तेव्हा चूक नव्हतं, म्हणून निबंधक हात आखडता घेतो. अशा वेळी ‘सर्व नोंदींत बदल’ ही कोर्टाच्या हुकुमातली ओळ उपयोगी पडते. तरीही नाही झालं तर जिवाला लावून घेऊ नका. जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच एकमेव पुरावा, हा नवा नियम १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना आहे. तुमच्या मुलाचं काम जुना दाखला आणि गॅझेट एकत्र जोडून चालतं. वडिलांचं नाव मात्र दाखल्यातून काढायला जाऊ नका, तो वेगळाच विषय आहे.

आडनाव बदलल्याने काय बदलत नाही

सासरकडच्यांनी बहिणीला घाबरवलं होतं की आडनाव सोडलंस तर मुलीचा हक्क गेला. तसं नाही. मुलगी वडिलांची वारस राहते, वडिलांच्या मिळकतीतला तिचा वाटा आडनावावर अवलंबून नाही. पोटगीचा हक्कही राहतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे, एवढाच फरक. जातही आडनावाबरोबर बदलत नाही. जातीचा दाखला आधीच काढलेला असेल तर त्यावरचं नाव गॅझेट दाखवून बदलून घ्या, आणि आईच्या बाजूच्या जातीवर दावा करायचा विचार असेल तर तो नुसत्या आडनावाच्या जोरावर करू नका.

दुसऱ्या नवऱ्याने मुलाला दत्तक घ्यावं म्हणजे आडनावाचा प्रश्न सुटेल, असंही सुचवलं जातं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल १५ वर्षांच्या आतलं असावं लागतं, रूढी वेगळी असेल तरच सूट. दत्तकाने नातंच बदलतं, वारसासुद्धा. नुसत्या आडनावासाठी मी तरी तो रस्ता सुचवणार नाही.

आणि खोटी सही नको. ‘वडिलांच्या नावाने आम्हीच सही ठोकतो’ म्हणणारे एजंट भेटतात. खोटा सोगंदनामा हा गुन्हा आहे. १५ वर्षांनी मुलीच्या नोकरीच्या पडताळणीत तो वर आला तर भोगायचं तिला.

जुन्या नावाचा एकही कागद फाडू नका. पहिलीपासूनची प्रगतिपत्रकं, चित्रकलेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, लसीकरणाचं कार्ड, सगळं गॅझेटच्या प्रतीबरोबर एका फाइलीत ठेवा. बहिणीने त्या फाइलीच्या पाठीवर भाचीची दोन्ही नावं लिहिली आहेत, जुनं वर आणि नवं खाली. मध्ये हुकुमाची तारीख.